अर्ध्या तासाचा नाका

शेकोटीत लाकूड सरकव रे आयुष, अन् आता मधात कोणी बोलायचं नाई. उमाजी माझा दोस्त हाये. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो.

२००३ साल, संक्रांतीची आदली रात्र. नाटकाच्या मंडळीले जंगलापल्याडच्या गावात सोडून उमाजी रिकामी काळीपिवळी जीप घेऊन वडशाले परत निघाला. तवा त्या जंगलरस्त्याच्या दोन्ही टोकाले नाके होते. गाडी इकडून सुटली की वायरलेसवर तिकडं कळवत. अर्ध्या तासाच्या आत पोचला म्हणजे तू गाडी पळवली. मग अर्धा तास भरेपर्यंत दांडा वर होत नाई. गाड्यांखाली जनावरं मरत, माणसंही मरत, म्हणून हा नियम.

"रिकाम्या गाडीले कायचा नियम?" म्हणे उमाजी. अन् पळवली.

नाका दोनेक किलोमीटर राह्यला असंल, धपकन काहीतरी लागलं. थांबला नाई. डुक्कर असंल म्हणाला.

पण पोरांनो, डुक्कर 'अगे माय' म्हणत नाई.

नाक्यावर दांडा खाली. नाकेदार बापूजीनं खिडकीतूनच सांगितलं, "काऊन एवढी घाई, भाऊ? पंधरा मिनिटं बाकी हायेत. बस गाडीतच."

पंधरा मिनिटं. तेवढ्यात मागं जाऊन त्या माणसाले उचलून आणता आलं असतं. उमाजीले हे कळत होतं. तरी लेकाचा बसून राह्यला. भीतीनं.

मग मागून आवाज आला. पाय घासत कोणी तरी येऊन राह्यलं होतं. सावकाश.

"बापूजी, दांडा वर कर!"

"टाइम नाई झाला."

"पाया पडतो, भाऊ..."

"टाइम..."

समोर दांडा. दोन्ही बाजूले खोल नाल्या. मागं तो.

आवाज गाडीपाशी आला. थांबला.

मागच्या फळीवर पाय पडला. गाडी हलली. मग दुसरा पाय...

बाक करकरला.

बापूजी बॅटरी घेऊन बाहेर आला. मागच्या बाकावर उजेड मारला.

...

बापूजीनं बॅटरी विझवली. वेळ व्हायची होती, तरी दांडा वर केला.

घर येईपर्यंत उमाजीनं मान वळवली नाई. सकाळी बाक रिकामा होता. गावकऱ्यांनी रस्ता पाह्यला. रक्त नाई, माणूस नाई, कोणत्या गावातून कोणी हरवलंही नाई.

पण गाडी मागून एका अंगाले दबलेली. मिस्त्रीनं स्प्रिंगचे पाटे बदलले, तरी तशीच. दुसऱ्यांदा बदलले. मग खालून बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "पाटे नवेच हायेत, भाऊ. आधी मागचा माल तं उतरवा."

गाडी रिकामी होती.