जाळीतली वांगी

"अहो, वरून पाऊस पाडायचा असेल तर आधी कळवत तरी जा!"

ती झारीसकट वळली. गच्चीच्या दारात खालच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू उभा होता, पियानोचे सूर जुळवणारा... डोक्यापासून निथळत.

"खिडकीबाहेर डोकं काढायला कुणी सांगितलं होतं?" माफी मागणं तिच्या रक्तातच नव्हतं.

तो हसला. आणि मेलं ते हसणंही छान होतं!

त्याची नजर जाळीकडे गेली. ती शिवणकाम करायची. वांग्यांना अळी लागू नये म्हणून पडद्याच्या उरलेल्या जाळीचा तिने असा तंबू शिवला होता, की आत शिरायची मुंगीचीही बिशाद नव्हती. झाडं तरारलेली, जांभळी फुलं भरपूर. पण सगळी गळून जायची. वांगं एकही नाही.

"दादाला इथे पत्र्याची खोली बांधायचीय," तिने का कोण जाणे, सांगून टाकलं. "पंधरा दिवसांत एक तरी वांगं दाखव, नाहीतर कुंड्या उचल म्हणतो. घर माझंही आहे म्हटलं, पण ऐकतोय कोण!"

"मधमाशी आत येत नसेल. तिच्या गुणगुणण्याने फूल थरथरतं, तेव्हा कुठे पराग सांडतात."

"म्हणजे माझ्या शिवणीत खोट काढताय?"

"छे! शिवण चोख आहे, हीच तर पंचाईत."

"जाळी उघडणार नाही. अळीला आवतण देऊ?"

"नका उघडू... मला तेवढं आत घ्या."

त्याने खिशातून सूर तपासायचा स्टीलचा काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि फुलाच्या देठाला टेकवला. बारीक गुंजन झालं, पिवळी भुकटी भुरभुरली. जाळीत जागा थोडी होती. त्याचं कोपर तिच्या दंडाला लागलं आणि ती बाजूला सरली नाही.

दुसऱ्या दिवशी शर्ट कोरडा होता, तक्रार नव्हती, तरी तो आला. मग रोजच आला.

पंधराव्या दिवशी दादा मोजपट्टी घेऊन वर आला. तिने पान बाजूला केलं. लिंबाएवढं, चकचकीत वांगं!

"बरं, राहू देत कुंड्या," दादा म्हणाला आणि तिच्या शेजारी उभ्या भाडेकरूकडे वळला. "पण हा रोज सकाळी वर काय करतो? लोक विचारतात. उद्यापासून हा इथे नको."

भाडेकरू काटा हातात घेऊन जिन्याकडे निघाला. तिने त्याची बाही घट्ट धरली.

"वांगं दाखव म्हणालास, दाखवलं. आता माणूसही बघून घे, दादा. हा मला आवडतो. लोकांना काय विचारायचं ते मला विचारू देत."

"आणि त्याला?"

"मी...?" त्याच्या हातून काटा खणकन पडला. "खरं सांगू? पहिल्या दिवशी यांच्या झारीखाली डोकं मी मुद्दामच काढलं होतं."

दादाने बराच वेळ मोजपट्टी गुंडाळली. "निदान छत्री तरी घ्यायची," असं पुटपुटत तो खाली गेला.

तिने कात्री उचलली आणि जाळीची एक बाजू सरळ उसवली.

"अहो, अळी...?"

"आली तर बघून घेईन. आता ते काम मधमाश्या करतील," ती म्हणाली. "तुम्ही नुसते येत जा."