सावळीघाटची डांगरवाली

वीज जाऊन अर्धा तास झाला होता. गच्चीवर सतरंजी टाकून साहिल आणि उन्नती त्यांच्या आजोबांना, देवरावजींना, खेटून बसली होती.

"ऐकीव गोष्ट नाही गा ही," देवरावजी म्हणाले. "माझ्या साळ्याची पोरगी गोपिका, तिच्यासंगं झालेली. सन पंचवीस, मार्चची अकरा तारीख, मंगळवार. होळीला दोन दिवस होते."

गोपिका तेव्हा रामदासपेठेत एका सल्लागार कंपनीत होती. कुठं खाण निघायची असली की तिथल्या पशुपक्ष्यांचं काय होईल ते पाहून अहवाल लिहायचा, हे तिचं काम. त्या दुपारी ती स्कूटीनं कन्हान नदीच्या काठी सावळीघाटला निघाली. तिथून रेती आणि गोटे काढायचा ठेका आणखी पाच वर्षं वाढवायचा होता. नदीच्या मधल्या रेतीच्या पट्ट्यावरची घरटी तेवढी मोजायची राहिली होती.

निघताना तिचे साहेब म्हणाले, "फार खोलात जाऊ नको. काही आढळलं नाही, एवढं लिहून आण."

आढळलं ना! पट्ट्यावर नदी सुरय बसले होते. करडी पाठ, पिवळी चोच. हा पक्षी काड्या जमवत नाही, उघड्या रेतीत खळगा करतो आणि त्यातच अंडी घालतो. अंडी रेतीच्याच रंगाची. दोन हातांवरूनही दिसायची नाहीत. गोपिकेनं दुर्बिणीतून बसलेली एकेक मादी मोजली. बावीस.

अंधारता अंधारता घाटाचा चौकीदार ताराचंद धापा टाकत आला.

"म्याडम, तुमी निघा. आज पोकलेन येऊन राहिली. सकाळी सरकारी मोठे साहेब पाहायले येतील, तोवर पट्टा साफ करायचा हुकूम आहे."

"अंडी आहेत तिथं, ताराचंदभाऊ."

"म्हणून तर साफ करून राहिले."

गोपिकेनं पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. "मग मी पट्ट्यावरच उभी राहते. येऊ द्या मशीन."

"काहून जीव धोक्यात घालता जी?"

"इथं रेंज नाही. तुम्ही गावात जा आणि वनखात्याले फोन लावा. एवढं करा."

ताराचंद गेला. ती पाणी ओलांडून पट्ट्याच्या कडेशी आली. साडेआठ झाले होते. चांदणं लख्ख होतं, पण अंडी कुठं दिसणार? बॅटरी लावावी तर पक्षी उठतील. न लावावी तर पायाखाली...

"इकडून ये वं. समोर अंडी आहेत."

एक म्हातारी बाई उभी होती. नऊवारीचा काष्टा, पाय अनवाणी, डोक्यावर बांबूची रिकामी डाल. गावातली असेल, असं गोपिकेला वाटलं. बाई पुढं, ही मागं. "इथून वळ." "आता लांब पाय टाक." एकही पक्षी उठला नाही.

"मावशी, तुम्ही इथल्याच?"

"माही डांगरवाडी होती, इथंच, नदीच्या पोटात. चाळीस वर्सं टरबूज लावलं. मंग मशीननं खड्डे केले."

"मग?"

बाई पुढं चालत राहिली. तिच्या पदरातून पाणी गळत होतं. थेंब रेतीवर पडत होते. आवाज मात्र नाही...

"खड्डे म्हणजे, आजोबा?" साहिलनं विचारलं.

"थांब गा."

पलीकडच्या काठावरून गडगड सुरू झाली. दोन दिवे पाण्यात उतरले. सुरय उठले, डोक्यावर कर्कश ओरडत फिरू लागले. पोकलेन पट्ट्यावर चढली.

गोपिका समोर गेली. दोन्ही हात पसरले.

"मागं घे!"

"हटा म्याडम! माहं काम करू द्या!" ड्रायव्हर ओरडला.

"नाही हटत. घाल अंगावर!"

 तिचे पाय हलले नाहीत. लोखंडी बकेट वर गेली. डोक्यावर आली. थांबली...

उजव्या खांद्याला गारवा लागला.

"मीबी आहो वं."

ड्रायव्हर गोपिकेकडे बघत नव्हता. तो तिच्या शेजारी बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं. इंजिन बंद पडलं. त्यानं बंद केलं नव्हतं. त्यानं उडी मारली. पाण्यातून पळाला. पडला. उठला. पळाला.

मग काहीच नाही. नुसती नदी.

गोपिकेनं शेजारी पाहिलं... कोणी नव्हतं.

दहाच्या सुमारास ताराचंद वनखात्याची माणसं घेऊन आला. मशीन जप्त झाली. गोपिकेनं डांगरवालीचं विचारलं, तसा तो तिथंच खाली बसला. "पुष्पलताबाई... दोन साल झाले. खड्ड्यात पाणी भरलं होतं, खोली समजली नाही तिले. तिसऱ्या दिवशी लाश निघाली."

गोपिका पाणी ओलांडून काठावर आली. मग तिनं स्कूटीच्या सीटवर वही ठेवली आणि तिथंच लिहिलं, 'बावीस घरटी. उत्खननास परवानगी देऊ नये.' साहेबांनी आकडा बदलायला सांगितला, तर तिनं अहवाल थेट परवानगी देणाऱ्या समितीकडे धाडला. नोकरी गेली. घाट मात्र बंद झाला तो झालाच.

महिना संपता संपता ती पुन्हा गेली, स्वतःच्या पेट्रोलनं. मधे दोनदा वादळी पाऊस होऊन गेला होता. पोकलेनच्या चाकोऱ्याही पुसल्या होत्या. सगळी रेती सपाट, कोरी.

जिथं बकेट थांबली होती, तिथं एक सुरय बसला होता. तो उठला तेव्हा तिला दिसलं. अनवाणी पायाचं एकच पाऊल, खोल रुतलेलं. मागं दुसरं नाही, पुढं दुसरं नाही. बोटं मशीन आली त्या काठाकडे.

आणि टाचेच्या खळग्यात दोन अंडी... उबदार.