अकरानंतर रस्ता बंद

रस्ता मोजायला दोन माणसं लागतात, आणि ती एकटी होती. फितीचं एक टोक चपलेखाली दाबायची, चप्पल तिथेच सोडून अनवाणी पायाने पुढे जायची, तेवढ्यात फीत सुटायची आणि सर्रकन येऊन तिच्याच हातावर फटका द्यायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा समोरच्या पंक्चरच्या दुकानातून आवाज आला,

"रस्ता मोजताय की चप्पल?"

ती वळली. मास्कच्या वर दोन डोळे, कपाळावर ग्रीसचा फराटा, गळ्यात स्कूटरचं टायर.

"बसल्या बसल्या हसण्यापेक्षा टोक धरा की!"

"धरतो. पण माझे हात काळे आहेत. फितीवरचे आकडे दिसायचे नाहीत."

"ते माझ्या आजोबांच्या काळीच पुसलेत. धरा."

त्याने टोक धरलं. ती मोजत लांब लांब गेली. दोघांच्या मध्ये फीत ताणलेली... आणि गंमत बघा, एवढ्या अंतरावरून सुद्धा तिला कळलं की तो टोकाकडे बघतच नाहीये.

साथीचं दुसरं वर्ष होतं ते. माणसं एकमेकांना नुसती डोळ्यांनी ओळखत होती. हॉटेलांना आत गिऱ्हाईक बसवायला बंदी होती, बाहेर मोकळ्यावर बसवलं तर चालेल असं वरून आलं होतं. पण मोकळं होतं काय? हा एक रस्ता. मग पालिकेने नवीन टूम काढली. सकाळी अकरा ते रात्री अकरा रस्ता वाहनांना बंद, आणि रस्त्यावर टेबलं. मुदत तीन महिने. अट एकच – रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची सही हवी. एक जरी नाही म्हणाला, तरी रस्ता उघडा.

रस्त्यावर हॉटेलं पाच होती, बेकरी एक, शिंपी एक, आणि पंक्चरवाला एक.

तिच्या बाबांचं हॉटेल सगळ्यांत जुनं. परगावातली नोकरी गेली म्हणून ती घरी परतली, तर बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, अंधाऱ्या हॉटेलात, पालथ्या घातलेल्या खुर्च्यांच्या मध्ये जाऊन बसत. कुणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी दाराकडे बघत. ते बघवेना म्हणून तिने पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, कागद आणला, आणि सात सह्या गोळा करून आठव्या सहीसाठी रस्ता ओलांडला.

"रस्ता बंद म्हणजे गाड्या बंद?" त्याने विचारलं.

"अकरानंतर. तीनच महिने."

"आणि गाड्या बंद म्हणजे मग..." त्याने वर बघितलं. तिच्या मास्कच्या वर दोन डोळे होते, काळजीने एवढेएवढे झालेले. त्याचं वाक्य तिथेच राहिलं. "पेन आहे?"

दोनदा दाबून बघितल्याशिवाय हा माणूस टायर गिऱ्हाइकाच्या हाती देत नसे. तो कागद मात्र त्याने वाचलासुद्धा नाही.

"वाचा तरी!"

"तुम्ही वाचलाय ना? मग झालं."

आता त्या रस्त्याचं सांगायला हवं. दिसायला सरळ, पण मनात खोट. पाणी वाहून जावं म्हणून मधे फुगीर आणि दोन्ही कडांना उतरता. पहिल्या दिवशी टेबलं मांडली आणि सूप वाढलं या गिऱ्हाइकाला, पोचलं शेजारच्याला. एका म्हाताऱ्याने उकडलेलं अंडं ताटात ठेवलं, ते निघालं ते थेट बेकरीच्या पायरीशी जाऊन थांबलं. बेकरीवाल्या मावशींनी ते परत आणून दिलं म्हणतात. मी मावशींना ओळखतो, दिलं नसणार. लोक हसत होते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात तो आला, जुन्या टायरचे तुकडे घेऊन. रस्त्यावर आडवा पडून त्याने एकेका टेबलाचा पाय बघितला, सुरीने रबर तासून तासून त्या त्या पायाच्या मापाचं बूड करून दिलं. चाळीस टेबलं, एकशे साठ पाय.

"डॉक्टर, पेशंट वाचतील ना?" ती खाली वाकून म्हणाली.

"टेबलं वाचली. तुमचा हसण्याचा आवाज ऐकला आत्ता, माझं काही सांगता येत नाही."

"इश्श! रस्त्यावर लोळता लोळता हे सुचतं बरं!"

"उभा राहिलो की नाही सुचत, मालकीणबाई."

झालं, डॉक्टर आणि मालकीणबाई हे तेव्हापासून ठरूनच गेलं. अहो-जाहोचं अगं-अरे कधी झालं ते दोघांनाही सांगता यायचं नाही. दुपारी गर्दी ओसरली की ती त्याच्यासाठी सूप न्यायची, दोन हात अंतरावर ठेवून मागे सरायची. तो मास्क काढून प्यायचा. पहिल्यांदा त्याने मास्क काढला तेव्हा ती बघतच राहिली. तिने मनातल्या मनात मिशा लावल्या होत्या त्याला, त्या नव्हत्या. पुढच्या दोन दातांत मात्र फट होती, आणि तो हसला की ती फट आधी हसायची.

"आता तू काढ."

"वाढणाऱ्याने काढायचा नाही. नियम आहे."

"मग मी काय नियमाकडे बघत सूप पिऊ?"

"माझं नाक मोडकं आहे. बघून सूप जाणार नाही."

"मोडकं असेल तर मी दुरुस्त करून देईन. हातात कला आहे."

"बघू... सगळं संपलं की बघू."

आणि ती आपली दिवसभर येता-जाता समोर बघायची. तो कामातच दिसायचा. ट्यूब पाण्यात बुडव, बुडबुडा शोध, घास, ठिगळ लाव, हवा भर. बरं चाललंय बिचाऱ्याचं, असं म्हणून ती निश्चिंत मनाने दुसऱ्या टेबलाकडे वळायची.

तीन महिने संपत आले होते. एका दुपारी सगळी टेबलं भरलेली असताना अचानक पाऊस आला. असा आला की पंधरा मिनिटं एकाचंही सूप संपेना. जेवढं प्यावं तेवढं वाटीत परत. गिऱ्हाइकं छपरांखाली पळाली, ती हातातल्या ट्रेसकट त्याच्या दुकानात शिरली. तो बाहेर लोकांची टेबलं ओढत होता. दुकानात ती एकटीच होती.

हवेच्या मशीनवर कोळ्याचं जाळं होतं. चांगलं जुनं, मुरलेलं. गाड्या उभ्या करायची जागा घासून पुसून स्वच्छ, तेलाचा एक थेंब नाही. खुंटीवर ट्यूब होती. एकच. तिच्यावर ठिगळं इतकी की मूळ ट्यूब कुठे आहे ते शोधावं लागावं. ठिगळावर ठिगळ, त्यावर तिसरं. शेजारी पाण्याचं घमेलं, हातपंप, आणि एक बारीक खिळा.

तो निथळत आत आला आणि तिच्या हातातला खिळा बघून थांबला.

"ही एकच ट्यूब?"

त्याने खिळा तिच्या हातातून काढून घेतला.

"रोज भोक पाडायचास? रोज स्वतःच?"

"तू बघायचीस ना समोरून," तो म्हणाला. "हात रिकामे दिसले असते."

"वेडा आहेस तू! बोलला का नाहीस?"

"काय बोलू? नाक्यावर अडथळा आहे, ढकलत सुद्धा गाडी आत येऊ देत नाहीत. मशीन तिकडे न्यावं तर तिथे वीज नाही. आणि अकराच्या आत कोण पंक्चर होतं गं?"

तिने ट्रे खाली ठेवला. "रविवारी दुकानदारांची बैठक आहे. मुदत वाढवायची म्हणतायत. मी सांगते, आठवड्यातले तीन दिवस रस्ता उघडा ठेवा. मी उभी राहून सांगते."

"नक्की?"

"नक्की."

दातांतली फट हसली. एवढं हसू तिने त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही कधी पाहायला मिळालं नाही.

रविवारी ती उभी राहणार, तेवढ्यात बाबाच उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट. घसा खाकरून म्हणाले, "मी गेल्या वर्षी हिशोब मिटवून बसलो होतो. हॉटेलाचा नाही, माझा स्वतःचा. माझ्या पोरीने रस्ता आणला..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या मावशींनी डोळे पुसले. मुदत आणखी सहा महिने, सातही दिवस, ठरलं. ती जी खाली बसली ती बसलीच.

वर आणखी मावशींनी कागद तिच्याच हातात दिला. "पंक्चरवाल्याची सही तेवढी तू आण गं. तुझं ऐकतो तो."

तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. हात रिकामे होते. आता काही लपवायचं उरलं नव्हतं.

"बोललीस?"

"नाही."

त्याने मान हलवली. कागद घेतला. या वेळी वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"मी नाही म्हटलं तर?"

"सोमवारपासून रस्ता उघडा. आमचं बंद. आत बसवायला अजून परवानगी नाही."

"हो म्हटलं तर मी बंद." त्याने कागद मांडीवर ठेवला. "हे बघ, मला फिरवून बोलता येत नाही. माझा जीव आहे तुझ्यावर. दुसऱ्या कुणी कागद आणला असता तर केव्हाच फाडला असता. पण तू आणलास, म्हणून तूच सांग. करू नकोस म्हणालीस तर नाही करणार. कर म्हणालीस तर करतो."

"आमच्याकडे ये ना... वाढायला माणूस हवाच आहे. तू आणि मी..."

"ताटं उचलायची मला लाज नाही. पण माझंच बंद शटर समोर बघत रोज उचलायची?"

रस्त्याच्या पलीकडे बाबा कुठल्याशा गिऱ्हाइकाला काहीतरी सांगून हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. ते हसणं दोन वर्षांनी परत आलं होतं. तिने तिकडे बघितलं. मग याच्याकडे बघितलं. मग कुठेच बघितलं नाही.

"कर," ती म्हणाली.

त्याने सही केली. अक्षर पहिल्यासारखंच, जरासुद्धा हललं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली आणि कानामागची दोरी सोडवायला हात नेला. "एकदा बघ तरी मला..."

"नको." तो उठलाच. "बघितलं तर जाववणार नाही. आणि राहिलो तर तुझी टेबलं बघून रोज थोडा थोडा राग येईल तुझा. तो यायच्या आत जाऊ दे."

तिचा हात कानापाशीच राहिला.

शनिवारी टेम्पो आला. सामान अकराच्या आत निघायला हवं होतं. नाक्यावर अडथळा लावायचं काम रोज तिचंच. हवेचं मशीन काही केल्या टेम्पोत चढेना. घड्याळात अकरा वाजले. पलीकडून मावशी ओरडल्या, "अगं ए, लाव की! माणसं खोळंबलीत!"

ती लोखंडी अडथळ्याला धरून उभी राहिली. पाच मिनिटं. त्याच्यासाठी तिने मोडलेला नियम एवढाच. अकरा वाजून पाच मिनिटांनी टेम्पो तिच्या शेजारून गेला. तो मागे मशीनला धरून उभा होता. त्याने हात केला नाही; मशीन पडलं असतं.

तिने अडथळा ओढून लावला.

सहा महिन्यांची मुदत सहा आठवडेही टिकली नाही. साथ ओसरली, हॉटेलांना आत बसवायची परवानगी मिळाली, टेबलं आत गेली, गाड्या परत आल्या. शटर बंद ते बंदच. तिने त्याला फोन लावला. एकदाच. मागे ट्रकांचे भोंगे वाजत होते. हायवेवरच्या टायरच्या दुकानात कामाला लागला होता तो.

"आपला रस्ता उघडलाय," ती म्हणाली.

"हो का? इथला कधी बंदच होत नाही." एक भोंगा अगदी जवळ वाजला. "बरी आहेस ना?... ट्रक आलाय. ठेवतो."

आवाजात राग नव्हता. तो यायच्या आत गेला होता ना. पण दुसरंही काही उरलं नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कांदे चिरत बसली, कुणी विचारायला नको म्हणून.

परवाच एक गृहस्थ घामाघूम होऊन स्कूटर ढकलत आले. मागचं चाक पार बसलेलं. बंद शटरकडे बघितलं, मग हॉटेलच्या दाराशी आले.

"इथे पंक्चरवाला होता ना हो?"

"होता," गल्ल्यावरून बाबा म्हणाले. "गेला. पोरगा गुणी होता, पण धंदाच नव्हता त्याला."

"धंदा होता, बाबा," ती आतून हात पुसत आली. "रस्ता नव्हता."

"म्हणजे?" गृहस्थांना काही उमगेना. "रस्ता तर हा काय, चांगला आहे. कुणी बंद केला होता?"

"मी," ती म्हणाली.