खिडकी नंबर तीनची पेन्सिल

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. निराधार विधवांच्या पेन्शनचा फॉर्म तेव्हा पिवळ्या कागदाचा असे, आणि तो परत करताना त्यावर एकच शिक्का बसे: ‘अपूर्ण’. नेमकं काय अपूर्ण, ते सांगायचं नाही, असा नियमच होता.

ती तेव्हा सव्वीस वर्षांची. विद्यापीठात कायदा शिकवायची आणि प्रबंध लिहायची. गरिबांसाठी केलेले कायदे गरिबांपर्यंत का पोचत नाहीत, हा विषय. उत्तर पुस्तकांत सापडेना, म्हणून पेन्शन कचेरीत बसून जुने फॉर्म तपासायला तिनं परवानगीचा अर्ज केला. खिडकी नंबर तीनमधून तो परत आला. अपूर्ण. पुन्हा लिहिला. अपूर्ण. तिसऱ्यांदा शिक्का बसला तेव्हा ती तडकलीच.

“अहो, मी कायदा शिकवते. माझा अर्ज अपूर्ण?”

“अर्जाला कुठं ठाऊक तुम्ही काय शिकवता ते,” आतला कारकून मान वर न करता म्हणाला. कानामागे पेन्सिल, बाहीला शाईचा डाग. “पुढचे या.”

मागे उभ्या असलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तिचं कोपर ओढलं. “बाई, एवढं शिकलात आणि कागदाचा कोपरा नाही बघितलात? मला अक्षर येत नाही, तरी शेजारणीकडून वाचून घेतलं मी.”

कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘विभागप्रमुखांची सही हवी.’ आधीच्या दोन्ही अर्जांवरही तेच. तिनं वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता… लगेच कागदात घुसला. कान मात्र लाल झाले होते.

मग चार महिने ती समोरच्या बाकावर बसली, मांडीवर वही घेऊन. रांगेतल्या बायका तिला वहीवाली म्हणू लागल्या.

“काय लिहिता एवढं माझ्याबद्दल?” एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं.

“आज तीनदा हसलात, एवढंच.”

“रांगेकडे बघून हसलो.”

“रांग डावीकडे असते. बाक उजवीकडे आहे.”

“…तुम्ही वकिली का करत नाही?”

“मग इथं कोण बसेल?”

ती घरी आली की तिचा पाय ठरेना. पुस्तक उघडायची, मिटायची, खिडकीशी जायची, परत यायची. आई म्हणायची, “अगं, बस की एका जागी. मांजर तरी बरी.” पण बसवेना, कारण वहीतले आकडे बोलू लागले होते. बाकीच्या चार खिडक्यांवरून परत गेलेल्या दहा बायकांतल्या आठजणी पुन्हा कधी येतच नसत. खिडकी तीनवरून गेलेल्या दहातल्या नऊ येत, आणि सगळे कागद घेऊन येत. अख्खा प्रबंध त्या पेन्सिलीच्या टोकावर उभा होता.

आणि फॉर्मवर शिक्क्याखेरीज काहीही खूण करणाऱ्या कारकुनाची नोकरी जाई. नाव लपवून उपयोग नव्हता, खिडकी तीनवर बसणारा एकच होता. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती.

तिनं खिडकी तीनचं ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “दाणा काढून घेतलास, आता टरफलं बांधून कुणाला देतेस?”

संध्याकाळी भुरभुर लागली होती. कचेरीच्या जिन्यात त्याला गाठून तिनं सांगितलं. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्याला. त्यानं छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“बाकीच्या चार खिडक्यांवरच्या बायकांनी काय करायचं? माझ्या रांगेत जागा व्हायची वाट बघायची?”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

“आणि आई?”

“माझी खिडकी प्रबंधात येणार, हे आईला कालच सांगितलं. ती म्हणाली, ती वहीवाली रोज येते का? म्हटलं, येते. तर म्हणाली, मग हो म्हण.”

“कशाला हो?”

“…ते विचारायचं राहिलं,” तो म्हणाला आणि छत्री तिच्या हातात देऊन भिजत निघून गेला.

तिनं प्रकरण पुन्हा प्रबंधात घातलं. सहा महिन्यांनी चौकशी बसली. नोकरी वाचली, बढती गेली आणि दूरच्या एका तालुक्याच्या कचेरीत बदली झाली.

त्याच्या शेवटच्या दिवशी ती परवानगीची मुदत वाढवायचा अर्ज घेऊन रांगेत उभी राहिली. सगळे रकाने नीट भरलेले. त्यानं वाचलं, शिक्का मारला, परत केला. अपूर्ण.

या वेळी तिनं आधी कोपरा बघितला. ‘कायमचा पत्ता?’

तिनं खिडकीतून हात घातला, त्याच्या कानामागची पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं: ‘तुमचा असेल तो.’

त्यानं वाचलं. ‘मंजूर’चा शिक्का साहेबांच्या टेबलावर असे, कारकुनानं त्याला हात लावायचा नसे. तो उठला, जाऊन तो उचलून आणला आणि ठसठशीत मारला. पलीकडे साहेब चष्मा पुसत राहिले.

“बाई, आटपा आता,” मागून शिवणवाल्या बाई म्हणाल्या. “रांग खोळंबलीय.”

शिवणवाल्या बाईंना पेन्शन मिळाली. लग्नातले तिचे कपडे त्यांनीच शिवले आणि शिलाई घेतली नाही. सर निवृत्त झाले, पण ते प्रकरण आपणच लिहवून घेतलं, हे शेवटपर्यंत सांगत राहिले. त्याची आई आणखी सहा वर्षं जगली. सुनेला वहीवालीच म्हणायची. एकोणऐंशी साली नियम बदलला. फॉर्म परत करताना काय कमी आहे ते लिहून द्यायचं, शाईनं. तो म्हणाला, “शाईत तेवढी मजा नाही.” पुढं साऱ्या संसारात त्यानं तिला जे काही सांगायचं ते किराण्याच्या यादीच्या नाहीतर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातच सांगितलं.

त्याला जाऊन आता चार वर्षं झाली. कुठलाही कागद हातात आला की ती अजून आधी कोपराच बघते.