तबकडीतली जीप

नवऱ्याला एखाद्या गोष्टीचं वेड लागलं की ताप बायकोच्या डोक्याला, हे मंजुषाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. नंदकिशोर दिग्रसच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. देह चांगला भारदस्त, आणि डोक्यात एकदा किडा वळवळला की तो निघेपर्यंत घरात कोणाला चैन नाही. त्या वर्षीचा किडा होता टिल्ट मीटर, म्हणजे गाडी किती कलली ते दाखवणारं यंत्र.

कारण तसं वाजवी होतं. मंजुषा जनावरांची डॉक्टर. कापसाचा भाव बसला, तालुकेच्या तालुके खचले, तेव्हा वरून पॅकेज आलं आणि पॅकेजातून संकरित गाई आल्या. जिथे माणसांना पाण्यासाठी वणवण, तिथे बादल्यांवर बादल्या रिचवणाऱ्या गाई. त्या आजारी पडायच्या डोंगरातल्या तांड्यांवर, आणि मंजुषा जुनी जीप काढून एकटी घाट्या चढायची. एकदा तांड्याच्या घाटीत, वळणावर, जीपची डावी चाकं दरीकडे घसरली. कशीबशी वाचली. घरी येऊन चहा पिता पिता तिने हे नवऱ्याला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने कटकट ओढवून घेतली.

मग भावसिंगच्या स्पेअर पार्टच्या दुकानात रविवारमागून रविवार गेले. काचेच्या नळीतला बुडबुडा दाखवणारा मीटर नंदकिशोरला पोरखेळ वाटला. बॅटरीवरचा मीटर उन्हात झोपायचा आणि भलत्या वेळी बोंबलायचा. शेवटी तेलात तरंगणाऱ्या दोन तबकड्यांचा मीटर पसंत पडला. एका तबकडीवर मागून दिसणारी चिमुकली जीप, दुसरीवर बाजूने दिसणारी. गाडी डावीकडे कलली की पहिली जीप तितकीच डावीकडे कलणार. चढ लागला की दुसरी नाक वर करणार.

हे बसवायचं तर गाडी अगदी सपाट जागी उभी हवी. घरचं अंगण नंदकिशोरला सपाट वाटेना, कॉलेजचं मैदानही वाटेना. म्हणून जीप नेली कापसाच्या जिनिंगच्या धर्मकाट्यावर, भरल्या गाड्या तोलतात तिथे, ऐन हंगामात. मागे कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावरचा किसनसिंग कपाळाला हात लावून बसलेला, आणि नंदकिशोर स्क्रू पिळत बोनेटवर अर्धा पसरलेला. मंजुषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर त्याचं प्रात्यक्षिक. तो पायरीवर पाय देऊन उतरला की तबकडीतली जीप जराशी उजवीकडे झुकायची आणि सरळ व्हायची. मग तो फिरून डाव्या बाजूने चढायचा, तेव्हा डावीकडे.

"पाह्यलं? माणूस चढला-उतरला तरी कळते," तो म्हणाला.

"लोकं शिव्या देऊन राह्यले, ते नाही कळत तुम्हाले," मंजुषा म्हणाली.

मीटर मात्र कामाचा निघाला. घाटीत त्याच्याकडे डोळा ठेवून चालवलं की जीव थाऱ्यावर राहायचा. हे तिने नवऱ्याला कबूल केलं नाही.

एके दुपारी ती जीप पुसत होती. गाडी अंगणात, इंजिन बंद. तबकडीतली जीप नाक खाली करून हलली, मग सरळ झाली. थोड्या वेळाने दोनदा उचकी दिल्यासारखी उडाली. टायर बसला असेल म्हणून तिने चाकं पाहिली. चाकं टणक होती. नंदकिशोरने बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी स्थिर, आणि काचेआडची जीप चढ चढत होती.

भावसिंग म्हणाला तेल खराब, आणि मीटर बदलून दिला. नव्यानेही तेच सुरू केलं. मंजुषा वैतागली. आधी बिघडलेल्या गाई, आता बिघडलेला मीटर, आणि दोन्हींच्या मध्ये रोज नवा सिद्धांत मांडणारा नवरा. उन्हाने तेल तापतं, डिंक सुटतो, चुंबक लागतं, काय वाट्टेल ते.

मग एकदा ती नुसती पाहत बसली, आणि तिच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं. तिला रस्ता ओळखू आला. नाक खाली, हा आपल्याच गेटबाहेरचा उतार. दोन उचक्या, हे बस स्टँडजवळचे गतिरोधक. मग बराच वेळ सरळ. मग चढ, आणि डावीकडे कल. तांड्याची घाटी. वळणावर येऊन ती जीप थांबली. तशीच कललेली असताना आणखी जराशी डावीकडे झुकली, आणि सावरली. लगेच तबकडी सपाट झाली, जणू कोणी खेळ बंद केला. पुढल्या खेपेलाही ती तिथेच थांबली. त्याच्याही पुढल्या खेपेला तिथेच.

तिने नंदकिशोरला बळेच बसवून दाखवलं. त्याने काचेवर टिचकी मारून पाहिली. मग हसला.

"वळणावर कोणी लिफ्ट मागते वाटते," तो म्हणाला.

त्या बाजूला तसा रिवाजच होता. एसटी वरपर्यंत जात नाही, तेव्हा घाटीत कोणी उभं दिसलं की गाडी थांबवायची, विचारायचं नाही. मंजुषानेही कितीतरी बायकांना त्या डाव्या सीटवर बसवून तांड्यावर नेलं होतं. पण त्या सगळ्या पायथ्याच्या फाट्यावर उभ्या असायच्या. वळणावर उभं राहायला जागाच नव्हती.

"काढा ते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर मी दगड घालतो त्याच्यावर."

नंदकिशोरने फुरंगटून मीटर काढला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिला. दोघं दोन दिवस बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात तिला सांधे धरणारा ताप आला. घरोघरी तो ताप होता. बोटं सुजली, स्टिअरिंग धरवेना. आणि तांड्यावर गाईंना लस टोचायचा दिवस ठरलेला. टोचणारा माणूस वर मुक्कामाला होता, पण लस बर्फाच्या डब्यात इथेच. नंदकिशोरने डबा मागे बांधला आणि चावी घेतली.

तिने मीटर लावून न्या म्हटलं. "तूच तर काढाले लावला," तो म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

"बरं, मग वळणावर थांबू नका," ती म्हणाली. "कोणी असलं तरी."

"अवं, कोणी उभं असलं तर टाकून जाऊ काय?"

"माह्यासाठी जा."

तो हसून पायरीवर चढला. जीप उजवीकडे झुकली. तो एकटाच होता, डावी सीट रिकामी.

मंजुषा लंगडत ओट्याशी आली. समोरच्या खिडकीतून गेट दिसत होतं. तो गेल्यावर तिने ते आतून कडी घालून बंद केलेलं. मिठाच्या बरणीशेजारी तबकडीतल्या जीपने नाक खाली केलं.

ती तिथेच स्टुलावर बसली. दोन उचक्या. मग सरळ रस्ता. चहा गार झाला. मग चढ.

तिने फोन लावला. रेंज नव्हती. घाटीत कधीच नसायची.

डावीकडे कल. वळण.

"थांबू नका," ती तबकडीला म्हणाली.

जीप थांबली. जराशी डावीकडे झुकली आणि सावरली. आजवर खेळ इथेच संपायचा. आज जीप पुढे निघाली.

मग ती कलू लागली. सावकाश, मंजुषाने कधी पाहिली नव्हती तितकी. आडवी झाली. चाकं वर आली. आणि तशीच राहिली.

तिने आपल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन करून घाटीत माणसं पाठवायला सांगितलं. कशावरून, असं त्यांनी विचारलं. तिने फोन ठेवला. सुजल्या बोटांनी मीटर उचलून हलवला. कसाही धरला तरी चित्रातली चाकं वरच.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चित्र हललं. जीप उताणीची आडवी झाली, आडवीची सरळ झाली. आता कल उजवीकडे होता आणि नाक खाली. घाटी उतरत होती.

मंजुषा रडायला लागली. आला. परत आला. येऊ दे, चांगली खरडपट्टी काढते.

सरळ रस्ता. दोन उचक्या. मग नाक वर झालं, गेटचा चढ. जीप सपाट झाली, उभी राहिली.

तिने खिडकीतून पाहिलं. गेटला आतून कडी होती. अंगणात ऊन होतं, आणि जीप जिथे उभी राहायची तिथे तेलाचा जुना डाग.

तबकडीतली जीप उजवीकडे झुकली आणि सरळ झाली. नंदकिशोर उतरला की व्हायची तशीच.

मंजुषाने बाहेर चाहूल घेतली. पाऊल वाजलं नाही.

मग जीप डावीकडे झुकली. अगदी जराशी, अंगाने हलकं कोणी उतरावं तशी. आणि सरळ झाली.