सातव्या खोलीतलं शून्य

"दिवा राहू दे बंद," काका म्हणाले, तशी नवी सून नवऱ्याच्या जवळ सरकली.

"भूत कॉम्प्युटरमधलं का, काका?" पुतण्याने टोमणा मारला.

"आधी ऐक तर. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मास्तरची गोष्ट आहे. खरी."

मास्तर किरणोत्साराच्या कामावर जाणाऱ्या पोरांना शिकवायचा. सरावाची इमारत खरी, पण मीटर खोटी. कुठल्या खोलीत मीटरवर काय आकडा दिसायचा, ते कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन ठरवायचं. त्या गुरुवारी रात्री साडेदहाला तो सात खोल्यांचे मूळ दर भरायला थांबला होता. मूळ दर म्हणजे माती-भिंतींतून सगळीकडे कायम येतो तो किंचित किरणोत्सार. सकाळी परीक्षा, सोमवारी पोरं खऱ्या कामावर. त्यांत त्याचा सख्खा मेहुणा.

घरून फोन आला. "येताय, की अंथरूण तिकडेच पाठवू?"

मास्तरने घाईघाईत सातही खोल्यांत शून्य ठोकलं.

त्याला हे काम शिकवणारे म्हातारे मिस्त्री असते तर कान उपटला असता. ते म्हणायचे, "जिवंत मीटर शून्य दाखवत नाही रे. शून्य दिसलं की मीटर मेलंय समज, उलट पावली फीर." एकदा घाईत ते स्वतःच फिरले नाहीत. त्यातच गेले.

मास्तरने दिवा मालवला. मागे कॉम्प्युटरचा पडदा उजळला.

पहिली खोली... ०.११.

त्याने पुन्हा शून्य टाकलं.

०.११.

"कोण आहे?"

बाहेर पावलं वाजली. एका खोलीत थांबली. पडद्यावर आकडा बदलला. पुढच्या खोलीत थांबली. आकडा...

सहावी. ०.१२.

मग सातवी. मिस्त्रींच्या अवजारांची. पावलं आत गेली.

बाहेर आली नाहीत.

सातवीचं शून्य तसंच राहिलं.

सकाळी मास्तर खरं मीटर घेऊन फिरला. सहा खोल्यांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले. परीक्षेत त्याने मेहुण्याला एकच प्रश्न विचारला, "शून्य दिसलं तर?"

"मीटर मेलंय, भाऊजी. उलट पावली."

मास्तरचा जीव भांड्यात पडला.

"आणि सातवी?" सुनेने विचारलं.

"उंबऱ्यापर्यंत मीटर टिकटिकत होतं. आत पाऊल टाकलं... शून्य. बाहेर आला... टिक. पुन्हा आत..."



"बॅटरी उतरली असेल," पुतण्या म्हणाला. पण हळू.

"चौथं मीटर होतं ते."