उंबऱ्यापर्यंतची पावलं

त्या दिवशी दुपारी कायझर्सलाउटर्नच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. माझी बायको चारुलता तिथे आमच्या मुलीकडे, अन्वीकडे गेली होती. सकाळी फिरायला बाहेर पडली आणि रस्त्यातच कोसळली.

डॉक्टर जर्मनमध्ये बोलत होत्या. मला सगळं समजलं होतं. तरी मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

पुढचं सगळं माझ्या घरात, माझ्यासमोर घडलंय. तुमचा विश्वास बसला नाही तर मी वाद घालणार नाही.

इथे जर्मनीत, गेर्लिंगेन गावाच्या बाहेर आमचं जुनं, लाकडी तुळयांचं घर आहे. दाराच्या वर, आतल्या बाजूला एक फूल कोरलंय. वर्तुळात सहा पाकळ्या, कंपासने काढतात तसं. घर घेतलं तेव्हा ते झिजून गेलं होतं. चारुलताला ते रांगोळीसारखं वाटलं. त्या दिवाळीत तिने अन्वीचा कंपास आणि पटाशी घेऊन ते पुन्हा खोल कोरलं. हळदकुंकू वाहिलं.

शेजारच्या फ्राऊ केस्लर फराळाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, इथल्या जुन्या चर्चच्या दारावरही असंच फूल आहे. मेलेलं काही आत येऊ नये म्हणून कोरायचे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," चारुलता हसून म्हणाली. "कुलपाचा खर्च वाचला."

चारुलता गेल्यावर घरी दिवा लावला. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओवर सांगितलं तसं दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरलं, त्यावर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस घरी येऊन जातं, पिठावर खूण उमटते, म्हणतात.

रोज सकाळी मी टोपली उचलायचो...

पीठ सपाट.

सासूबाईंनी शेवटी विचारलं, "शिरीषराव, ती घरी आलीच नाही का हो?"

मी फोन फिरवून त्यांना सपाट पीठ दाखवलं.

त्याच संध्याकाळी, चारुलता ऑफिसातून यायची त्या सुमारास, बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली...

ती डावा पाय जरा घासत चालायची. तशीच.

पावलं दाराशी थांबली. मी दार उघडलं.

कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या पायरीवर पीठ पसरलं आणि दार सताड उघडं ठेवून समोर बसलो. आईच्या कार्यासाठी घरी आलेली अन्वी माझ्या शेजारी बसली होती. बाहेर चांगलं ऊन होतं. रस्त्यावरून बस गेली.

मग पावलं आली...

दिसलं काहीच नाही. पिठात मात्र अनवाणी पाऊल उमटलं. मग दुसरं. बोटं घराकडे, उंबऱ्याला टेकलेली.

अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याची रेघ होती.

चारुलताची जोडवी हॉस्पिटलने पाकिटात घालून दिली होती. ती माझ्या कपाटात आहेत.

"अहो..." तिचाच आवाज. "दार उघडा ना."

दार उघडंच होतं.

"उघडं आहे गं. ये आत."

पिठातली पावलं पुढे सरकली नाहीत...

"अहो, दार उघडा ना."

मी पटाशी आणली. स्टुलावर चढून, फूल खरवडायला, त्यावर धरली. अन्वीने माझा पाय घट्ट पकडला. ती घरात जर्मनच बोलते. त्या दिवशी मराठीत म्हणाली,

"बाबा, नको. आई तुला शिरीष म्हणायची."

खरं होतं. 'अहो' ती फक्त पुण्याला, मोठ्यांसमोर म्हणायची. इथे कधीच नाही.

मी खाली उतरलो. बाहेर सगळं शांत झालं होतं...

कोणीतरी ऐकत असावं तसं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पावलं आली. उंबऱ्याशी थांबली.

"शिरीष... दार उघड ना."

आता रोज तेच. अन्वी कायझर्सलाउटर्नला परत गेली. मी एकटाच ऐकतो.

ती चारुलता असेल, तर स्वतःच्याच हाताने कोरलेल्या फुलामुळे बाहेर उभी आहे. नसेल, तर चारुलता घरी आलेलीच नाही.

पटाशी दाराजवळच ठेवली आहे. फूल मी अजून खरवडलेलं नाही.